पुन्हा पहिल्यापासून

माझी बायको कणीक मळताना गुणगुणते. इतकी वर्षं मी ते कानाआड करत आलो होतो, कारण गुणगुणणाऱ्या माणसाचं गाणं कोण ऐकतं? एका रविवारी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो आणि तिथेच थबकलो. ती माझी धून म्हणत होती, मी गिटारवर वर्षानुवर्षं वाजवत आलोय ती. म्हणता म्हणता ती एका जागेपाशी आली, जिभेने 'च्च्' केलं, जराशी थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पुन्हा ती जागा आली, पुन्हा 'च्च्', पुन्हा पहिल्यापासून.

"मला चिडवतेस काय?" मी विचारलं.

"कशाला चिडवू? आपलं गाणं म्हणतेय."

"आणि ते च्च् काय मधेच?"

"ते तुम्हीच करता ना तिथे! मला आवडतं ते. जॅझमधे असतं ना तसं?"

ती चेष्टा करते तेव्हा तिची डावी भुवई आधी हलते. त्या दिवशी भुवई जागच्या जागी होती. ती अगदी खरं बोलत होती. मी पाणी न पिताच परत बाहेरच्या खोलीत येऊन बसलो, आणि कानाच्या पाळ्या गरम झालेल्या मला कळत होत्या.

ही धून चार तुकड्यांची आहे. पहिला तुकडा, मग तोच पुन्हा, मग तिसरा अगदी वेगळा, आणि शेवटी परत पहिला. आपल्या भाषेत सांगायचं तर मुखडा, मुखडा, अंतरा, मुखडा. अंतऱ्यात सूर बदलतो, डावा हात गिटारच्या मानेवर भलत्याच ठिकाणी न्यावा लागतो, आणि तिथे पोचताच मी चुकतो. चुकलो की जीभ 'च्च्' करते आणि हात आपोआप सुरुवातीला जातात. माझ्या बायकोने तो अंतरा कधी ऐकलेलाच नव्हता. तिला वाटत होतं गाणं तेवढंच आहे, आणि माझं चुकणं हा त्याचा शेवट आहे.

मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

खरं तर रियाजाच्या बाबतीत मला कुणी नावं ठेवू शकणार नाही, असा माझा समज होता. मी शिरवण्याच्या बाजूच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. तिथून सुटलो की जुईनगरच्या घरी येतो, चहा घेतो आणि गिटार काढतो. आधी तारा फडक्याने पुसायच्या. मग सूर लावायचे, ते मनासारखे लागले की उगाच पुन्हा एकदा लावायचे. मग बोटं मोकळी करायला सगळ्या स्वरांच्या शिड्या, वर आणि खाली. फोनमधला ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लावायचा, कारण जॅझवाले तसाच लावतात. मग एखाद्या मोठ्या वादकाचा रियाजावरचा व्हिडिओ, त्यात तो काय सांगतो ते मान डोलवत ऐकायचं. आणि मग ती धून. पहिल्यापासून.

बघणाऱ्याला वाटेल काय तपश्चर्या! पण यातली निम्मी कामं गिटारवाल्याची नव्हेतच, ती देवपूजा करणाऱ्याची आहेत. जे येतं तेच घासूनपुसून लख्ख करायचं आणि जे येत नाही त्याच्या जवळ गेलं की घंटा वाजवून परत फिरायचं.

चुकलं की पहिल्यापासून, ही सवय मला नोकरीने लावली असं मी स्वतःला सांगत असे. आमच्याकडे एखाद्या नमुन्यात काही चुकीचं पडलं तर तो तसाच पुढे रेटत नाहीत. ओतून टाकायचा, भांडं धुवायचं, नवा घ्यायचा. शिस्त म्हणतात त्याला. गिटारवरही मी तेच करत होतो आणि त्याचा मला अभिमान होता. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी नोकरीवर ढकललं इतकंच. खरं कारण वेगळं होतं. चुकलेला सूर घरात कुणी ऐकू नये, म्हणून मी तो लगेच मागे घेत होतो.

माझी गिटार विजेवरची आहे, तिला स्पीकर लावता येतो. मी तो जवळजवळ कधीच लावला नाही. सोसायटीत कुणाला त्रास नको, असं मी सगळ्यांना सांगायचो. नुसत्या तारांचा जो बारीक आवाज येतो तो घरापुरता पुरायचा, फार तर खिडकीखाली, खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मावशींपर्यंत जायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक म्हणायचे, हा माणूस जॅझ वाजवतो बरं का. कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून तर म्हणायचे.

माझ्या वडिलांचं असं नव्हतं. ते कोकणातून इकडे कारखान्यात कामाला आले, आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टीत पेटी वाजवायचे. जयंतीच्या आधी महिनाभर त्यांची तालीम वस्तीतल्या मोकळ्या जागेत चालायची. पोरं खेळतायत, बायका पाणी भरतायत, आणि मधोमध पार्टी चुकतेय. शब्द विसरला तर मागचा कोरस उचलून धरायचा, पेटी घसरली तर ढोलकी पुढे निघायची. वडील चुकले की हसायचे आणि हात चालूच ठेवायचे. मला लहानपणी त्या हसण्याची फार लाज वाटायची. आपण शिकायचं ते दार लावून आणि बाहेर यायचं ते तयार होऊनच, असं मी तेव्हा ठरवलं असावं. तयार काही मी झालो नाही, दार मात्र पक्कं लागलं.

बायको महापालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवायची आणि यंदा निवृत्त होणार होती. त्या रविवारनंतर थोड्याच दिवसांत जेवताना ती म्हणाली, "सेवापूर्तीचा कार्यक्रम ठरला. मोठ्या बाईंनी विचारलं, तुमच्या घरून कोणी बोलणार का. मी म्हटलं, बोलणार नाहीत, वाजवणार आहेत."

मला ठसका लागला.

"आपलं ते गाणं वाजवा," तिने पाण्याचा पेला पुढे केला. "एवढी वर्षं घरात ऐकलं. एकदा माझ्यासाठी माणसांसमोर वाजवा. बाकी काही मागत नाही तुमच्याकडे."

तिने खरोखरच कधी काही मागितलं नव्हतं. गिटारपायी कितीतरी संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत आणि ती आत, अशा गेल्या होत्या, त्याबद्दलही ती कधी बोलली नाही. मी हो म्हणालो. अर्धं गाणं घेऊन चारचौघांत उभं राहायचं आणि मधे 'च्च्' करून परत सुरुवातीला यायचं, तेही तिच्या शेवटच्या दिवशी.

मी माझ्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तो खांदेश्वरला राहतो आणि चर्चमध्ये बास गिटार वाजवतो. जाड तारांची ती गिटार गाण्याखाली पाया धरून चालते. म्हटलं, तू सोबत असलास तर माझी गाडी रुळावर राहील. पुढच्या शनिवारी त्याच्या घरी बसलो. मुखडा झकास गेला. दुसरा मुखडा त्याहून झकास. अंतरा आला, मी चुकलो, 'च्च्' केलं आणि सुरुवातीला गेलो. तो मात्र अंतऱ्यातच चालत राहिला. तो एकीकडे, मी दुसरीकडे, आणि मधे असा काही गोंगाट की त्याच्या बायकोने आतून टीव्हीचा आवाज वाढवला.

त्याने तारांवर हात ठेवला. "तू कुठे गेलास यार?"

"चुकलो ना. पहिल्यापासून घेतलं."

"अरे, कोणी सांगितलं घ्यायला? इथे माणसं वाजवत असतात. तू रिव्हर्स मारलास तर बाकीच्यांनी काय करायचं?"

"चुकीचंच वाजवू का मग पुढे?"

"चुकीचं वाजव, पण पुढचं वाजव. हरवलास तर गप्प बस, मला ऐक, मी कुठे आहे ते कळेल. मी थांबणार नाही."

पुन्हा सुरू केलं. मी पुन्हा थांबलो. मी मुद्दाम करत नव्हतो, चुकीचा सूर कानावर पडला की हात आपसूक उठत होता. इतकी वर्षं रोज मी हेच तर पाठ केलं होतं. धून मला अर्धीच येत होती, थांबणं मात्र पूर्ण येत होतं. सहकारी चांगला माणूस, तो चहा टाकायला उठला. त्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत मी बसून राहिलो. एवढ्या वर्षांत मी कुणासोबत वाजवलंच नव्हतं, हे त्याला आता कळलं असणार. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात बायको वर्गातल्या मुलांचं सांगत होती. "पाढे घडाघडा म्हणतात हो. पण मधलं विचारा, सात आठे किती? की लागले सात एके सातपासून. हळूच बोटं मोजत आठापर्यंत येतात. मधेच कोणी खोकलं की पुन्हा सात एके सात."

"मग तू काय करतेस?"

"मी मधलंच विचारते. सात आठे विचारायचं, चुकू द्यायचं, लगेच सात नव्वे विचारायचं. मागे फिरायला वेळच द्यायचा नाही. चुकलं तर रडत नाहीत हो मुलं, आपण तोंड वाकडं केलं तर रडतात."

ती भाजी वाढत होती, माझ्याकडे बघतही नव्हती. मी खाली मान घालून जेवलो. बाईंच्या घरात सगळ्यात मोठं 'ढ' पोर ताटावर बसलंय हे बाईंना ठाऊक नव्हतं.

मग मी मधलंच घ्यायला लागलो. तिची शाळा सकाळची, माझी ड्यूटी नंतरची, त्यामुळे ती गेल्यावर घर रिकामं असायचं. तारा पुसणं बंद, शिड्या बंद. गिटार उचलायची आणि थेट अंतऱ्यात उडी. फोनमध्ये सहकाऱ्याने वाजवून दिलेला नुसता बास लावायचा. तो थांबत नाही, म्हणून आपणही थांबायचं नाही. पहिल्या सकाळी मी जे काही वाजवलं ते माणसाने ऐकण्यासारखं नव्हतं. जीभ 'च्च्' करायला बघायची म्हणून मी दातांत पेन्सिल धरली. आरशात दिसलो तेव्हा वाटलं, या वयात ही काय दशा.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी जिन्यात खालच्या मावशी भेटल्या. त्या मूळच्या शिरवणे गावातल्या, आगरी, मनात येईल ते बोलणाऱ्या.

"काय रं भाऊ, बरा हाय ना तू?"

"बरा आहे मावशी. का?"

"नाय, आजकाल मदी थांबत नाय तू. वाजवतच जातंय. मना वाटला घरान दुसराच कोन आलाय."

मी हसून वेळ मारून नेली. म्हणजे खिडकीखालीही सगळ्यांना ठाऊक होतं. झाकली मूठ कुणाची, सव्वा लाखाची कसली! त्रास होऊ नये म्हणून स्पीकर न लावणारा मी, यांना इतकी वर्षं अर्धं गाणं आणि 'च्च्' ऐकवत होतो.

संध्याकाळी बायको घरी असताना मात्र मी जुनंच वाजवायचो, तसंच थांबायचो. सकाळचा तो फाटका अंतरा तिला ऐकवायचं धाडस होत नव्हतं. एकदम कार्यक्रमातच, नीट झाल्यावर, असं मी ठरवलं होतं. म्हणजे पुन्हा दार लावून.

कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये होता. फळ्यावर रंगीत खडूने फुलं काढली होती. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. एका बाई बोलताना रडल्या आणि मग सगळ्याच रडल्या. बायको मोरपंखी साडीत पहिल्या रांगेत मधोमध बसली होती. मग माझं आणि सहकाऱ्याचं नाव पुकारलं. शाळेच्या स्पीकरला गिटार जोडली तर तिचा आवाज एवढा मोठा आला की मीच दचकलो. सहकाऱ्याने माझ्याकडे बघून मान हलवली, आणि आम्ही सुरू केलं.

मुखडा. बायकोचे ओठ हलत होते. दुसरा मुखडा. तिच्या शेजारच्या बाईंचेही ओठ हलत होते, त्यांच्या शेजारच्या बाईंचेही. मला काही उमगेना. आणि ती जागा आली, तशी पहिल्या रांगेतल्या सगळ्या बायांनी, एका सुरात, एका वेळी, 'च्च्' केलं.

ती हे गाणं शाळेतही गुणगुणत असणार. वह्या तपासताना, डबा खाताना. सगळ्यांना ते पाठ झालं होतं, माझ्या चुकीसकट. त्या प्रेमानेच साथ देत होत्या, हसतही होत्या. आणि माझ्या अंगावर गार पाणी पडलं. ज्या एका गोष्टीची मी जन्मभर लपवाछपवी केली, ती हॉलभर टाळीसारखी वाजली होती. माझा हात उठला. उठलाच. खाली बास चालत राहिला, सांगितलं होतं तसा. मी त्याला ऐकलं, हात खाली आणला आणि जिथे पडला तिथून वाजवायला लागलो. हात गिटारच्या मानेवर एक घर खाली पडला होता. दोन सूर साफ चुकीचे गेले, मोठ्या आवाजात, सगळ्यांच्या देखत. मग बोटांनी वाट धरली. अंतरा धडपडत का होईना संपला, आणि आम्ही शेवटच्या मुखड्यावर आलो.

मी वर बघितलं तर पहिल्या रांगेत कुणाचेच ओठ हलत नव्हते. बायको माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी मधेच भलत्याच भाषेत बोललो होतो. शेवटचा मुखडा सुरू झाला तरी तिने सूर धरला नाही. टाळ्या पडल्या, पुष्कळ पडल्या. मी गिटारची वायर गुंडाळत बसलो, कारण मान वर करायची हिंमत नव्हती.

घरी आल्यावर तिने शाल घडी करून कपाटात ठेवली, नारळ ओट्यावर ठेवला आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"ते मधलं कुठून आणलंत?"

"आणलं नाही. त्यातलंच आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. ते गाणं तसंच आहे. मला ते जमत नव्हतं."

मला वाटलं ती हसेल, आणि हसली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे इतकी वर्षं मी अर्धंच म्हणत होते?" ती म्हणाली. "शाळेत सगळ्यांना शिकवलं मी ते. आपलं गाणं म्हणून."

"तुला चुकीचं काय ऐकवायचं, म्हणून..."

"अहो, पण मला कुठे कळणार होतं चूक?"

तिने ते गाणं दुसऱ्या कुणाकडून कधीच ऐकलं नव्हतं. मी जे वाजवलं असतं तेच तिला बरोबर वाटलं असतं. या घरात माझी चूक ओळखू शकणारा एकच माणूस होता, आणि त्याच्या लाजेपायी मी तिला अंतरा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी तिला शाळेची घाई नव्हती. मी अंघोळीहून आलो तर ती कणीक मळत होती आणि गुणगुणत होती. मुखडा झाला, पुन्हा मुखडा झाला. त्या जागेवर ती थांबली. मी दाराबाहेरच उभा राहिलो. मग तिने चाचपडत अंतरा उचलला, एकदाच ऐकलेला, तरी बराचसा धरला. हॉलमध्ये माझे जे दोन सूर चुकले होते, तेही तिने तसेच्या तसे घेतले.

तिला मी दिसलो. "असंच आहे ना ते?"

बरोबर सूर माझ्या ओठांवर आला होता. मी खाली मान घालून म्हणालो, "असंच आहे. पुढे म्हण."